ताईचं उरलेलं लग्न

ताल, बातांगास
९ ऑगस्ट १९९७

मेडीताई,

कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. घर सोडून सहा वर्षं झाली आणि हाँगकाँगहून तुझं एकच पत्र आलं, तेही माझ्या शाळेच्या पत्त्यावर. आत एक फोटो आणि एक दम: 'माझं लग्न झाल्याचं आईला सांगितलंस तर तुझी-माझी ओळख नाही.' फोटो पाहिला. साधा पांढरा झगा, हातात चार फुलं, आणि शेजारी तुझा सेल्सो. केवढे कान गं त्याचे! पण दोघंही खरोखर हसत होतात, हे मान्य करते. फेब्रुवारीपासून मी तोंड शिवून बसले आहे.

आता माझी बातमी. माझंही लग्न ठरलं. सत्तावीस डिसेंबरला, आपल्या मोठ्या चर्चमध्ये. मुलगा बेर्तिंग, बेकरीवाल्या आलिंग पुरिंगचा मधला. तू त्याला पाहिलं असशील, मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी गोड पाव विकायचा तो.

कसं ठरलं ते ऐक. गेल्या नोव्हेंबरात सान मार्तिनच्या जत्रेत, संध्याकाळच्या कार्यक्रमात, हा गडी स्टेजवर चढला, निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि अख्ख्या गावासमोर म्हणाला, "निला, माझ्याशी लग्न करशील?" मी पहिल्या रांगेत, माझ्या वर्गातल्या पोरांना घेऊन. सगळी मुंडकी माझ्याकडे. मी हसले. घाबरलं की मला हसू येतं, हे तुला माहीत आहे. आजोबांच्या मयताला मार खाल्ला होता मी त्यापायी. ते हसणं गावाने होकार समजून टाकलं. बँडवाल्यांनी तर तेवढ्यात वाजवायलाही घेतलं. काय घाई होती त्यांना!

गेल्या रविवारी ती मंडळी रीतसर मागणी घालायला आली. भाजलेलं अख्खं डुक्कर, नूडल्सचे हंडे, आणि अर्थात पाव. बाबा अंगणात चाकूच्या मुठी घाशीत होते, तसेच हात पुसून येऊन बसले. आलिंग पुरिंगने विचारलं, "आमच्या पोराला तुमची पोर द्याल का?" आई म्हणाली, "दिली." बाबा म्हणाले, "जेवून घ्या." मला कोणी काही विचारलंच नाही, कारण मी तर स्टेजसमोर हसले होते.

मला हे लग्न नको आहे, ताई.

दुसरा कोणी नाही. असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला कारण तरी मिळालं असतं. बेर्तिंग पीत नाही, मारत नाही, आईचं ऐकतो, माझंही ऐकतो. माझी वर्गातली पोरं त्याच्यामागे पळतात. माणूस चांगला आहे आणि मला नको आहे. एवढंच आहे सगळं, आणि एवढ्याशा गोष्टीवर या गावात लग्न मोडत नाही. एकदा मोडलं होतं. ते तू मोडलंस. म्हणून तर मला मोडता येत नाही.

निला


३० ऑगस्ट

ताई,

पत्र आलं नाहीच. हाँगकाँगात राज्य बदललं म्हणे, पोस्टमन तर तेच असतील ना?

आपल्या घरात काय चाललंय सांगते, म्हणजे तुला करमेल. लेमेरीहून मिसेस काबिलिंग नावाची बाई येते. लग्नं सजवून देणं हाच तिचा धंदा. काखोटीला जाड अल्बम. बागेचं लग्न, समुद्राचं लग्न, फुलपाखरांचं लग्न. एका लग्नात तर केकभोवती खरं पाणी वाहत होतं. आलिंग पुरिंग प्रत्येक पानावर "अय्या, हे!" म्हणते. मिसेस काबिलिंगने माझा हात धरला आणि फार मायेने विचारलं, "नवरीबाईंचं स्वप्न काय आहे?"

मी तोंड उघडलं. आई म्हणाली, "पीच."

"अगदी छान," मिसेस काबिलिंग म्हणाली आणि तिने लिहून घेतलं.

पीच का, हे तुला कळलंच असेल. तुझ्या लग्नाचं पीच कापड अजून पेटीत आहे. धड गुलाबी नाही, धड नारिंगी नाही, आजारी माणसाच्या गालासारखा तो रंग. तू पसंत केला होतास, मी नाही. आता करवल्या त्याच कापडात, टेबलांवर तेच कापड, आणि बाबांच्या खिशातही त्याचाच रुमाल. बाबा म्हणाले, "मी हा घालून सुऱ्या विकायला बसलो तर गिऱ्हाईक येणार नाही." आई म्हणाली, "त्या दिवशी कुठे विकायला बसताय?"

आणि हंस. तुला आठवतात हंस? पाहुण्यांना वाटायचे म्हणून आईने मनिलाहून आणलेले, चिनीमातीचे, जोडीजोडीने माना वाकवलेले. मला वाटलं होतं, तू गेलीस त्या आठवड्यात तिने ते फोडले असतील. नाही गं. पलंगाखाली खोकी लावून ठेवली होती. मागच्या सोमवारी तिने ती ओढून काढली, धूळ झटकली.

"आई, हे ताईच्या लग्नाचे आहेत."

"मग? टाकून द्यायचे? धडधाकट हंस आहेत. हंसांनी काय पाप केलं?"

तेव्हापासून शाळेतून आले की मी हेच करते. प्रत्येक हंसाच्या गळ्यातली फीत सोडायची, तिच्यावर सोनेरी अक्षरात 'मेडी आणि आर्सेन्यो'. ती बाजूला टाकायची, 'निला आणि बेर्तिंग' बांधायची, वर जाळीचं कापड, वर गाठ. ज्यांच्या बुडाशी तुमची नावं रंगवली आहेत ती बाबांच्या पात्याने खरवडायची. तुझं नाव फार चिवट आहे, ताई. आर्सेन्योचं लगेच निघतं.

निनोंगही तेच आहेत. लग्नाचे मानलेले बाप म्हणून जे जे तुझ्यामागे उभे राहणार होते, डॉक्टर, तांदळाचा व्यापारी, निवृत्त कॅप्टन, ते सगळे माझ्यामागे. आई घरोघर जाऊन म्हणाली, "तेव्हा शब्द दिला होतात, तो अजून शिल्लक आहे." मिसेस काबिलिंगला वाटतं ती माझं लग्न सजवतेय. मी तुझ्या उरलेल्या लग्नात उभी आहे, आणि तू तिकडे दुसरं करून मोकळी झालीस.

आता मुद्द्याचं. सुकोब. तू विसरली नसशील. सख्ख्या भावंडांची दोन लग्नं एका वर्षात लागली की एकाचं नशीब दुसरा खातो. कोणीतरी बुडतं, कोणीतरी मरतं. आई केस ओले ठेवून झोपू देत नाही, मोत्यांना हात लावत नाही, जेवताना कोणी घराबाहेर पडला तर ताट फिरवते. ती सुकोब चालवून घेईल का? तुझं लग्न याच वर्षी झालंय. तू तिला दोन ओळी लिहिल्यास की माझं लग्न थांबलं. कोणाचा दोष नाही, कोणाची बेइज्जती नाही. आलिंग पुरिंगसुद्धा क्रूसाची खूण करून म्हणेल, "देवाने वाचवलं."

दोन ओळी, ताई. एवढंच मागते.

निला


२१ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. शाळेच्या ऑफिसात उभ्याने वाचलं आणि मग तिसरीच्या पोरांना गुणाकार शिकवला. कोणाला काही कळलं नाही. माझा चेहरा आता फार कामाचा झाला आहे.

तू 'नाही' म्हणालीस. का, तेही लिहिलंस. आईला कळलं तर पुढे घरात जे काही वाईट होईल, बाबांचा खोकला, तुझं मूल, माझं मूल, छप्पर उडालं तरी, सगळं तुझ्या नावावर लागेल, जन्मभर. बरोबर आहे. आईला तर तू ओळखतेस. शेवटी लिहिलंस, 'माझं लग्न मी माझ्या तोंडाने मोडलं. आईसमोर उभी राहिले, नको म्हटलं, आणि थोबाडीत खाऊन बस पकडली. तुला नको असेल तर तूही स्वतःच्या तोंडाने म्हण. माझ्या लग्नाआड लपू नकोस.'

चांगलं आहे. हाँगकाँगात बसून फार छान सुचतं.

तू थोबाडीत खाल्लीस आणि बस पकडलीस. त्यानंतर घरात कोण राहिलं? आई आठवडाभर बाजारात गेली नाही, मी गेले. भाजीवाल्या बाया माझ्या पिशवीत भेंडी टाकता टाकता विचारायच्या, "ताईचा काही पत्ता?" त्यातली एकजण तर इतक्या हळहळीने हसायची की भेंडी तिच्या डोक्यात घालावीशी वाटायची. एका घरात एक पोर 'नको' म्हणू शकते. ती म्हणून गेली. आता माझ्या वाट्याला 'हो' उरलं आहे.

बेकरीतून रोज सकाळी पाव येतो. गरम, कागदात गुंडाळलेला. बेर्तिंग सायकलवरून फाटकात ठेवून जातो, हाकही मारत नाही, माझी झोप मोडेल म्हणून. मला तो गिळवत नाही आणि परतही करता येत नाही. वाईट माणसं असती ना, तर मी कधीच पळाले असते.

निला


१९ ऑक्टोबर

ताई,

रागाने लिहिलं होतं मागचं. राग गेलेला नाही, पण तो एकट्याने करायचा कंटाळा आला.

एक गंमत सांगते. झगा शिवून आला. नवरीने तो लग्नाआधी अंगात घातला की लग्न होत नाही, म्हणून आईने टेसीला बोलावून घेतलं. माझ्याच चणीची आपली मामेबहीण. ती घालून गिरक्या घेत होती आणि मी स्टुलावर बसून माझं लग्न बघत होते. आलिंग पुरिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती गोड दिसतेय आमची निला!" ती टेसीकडे बघून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली तेव्हा मी दार लावलं आणि घातला. डोक्यावरची जाळी आणि मोजे, काही सोडलं नाही. आरशासमोर उभी राहिले आणि वाट बघितली. कशाची, ते मला तरी कुठे ठाऊक? वीज पडावी, बेर्तिंगला मनिलात नोकरी लागावी, काहीही. पाठीची चेन अडकली. अर्धा तास धडपडून मी त्यातून बाहेर आले. आज पंधरा दिवस झाले, काहीही मोडलेलं नाही. उलट मिसेस काबिलिंगने कागदाची मोठी घंटा ठरवली आहे. आम्ही दोघांनी दोरी ओढायची, घंटा उघडेल आणि आतून दोन कबुतरं उडतील. मी विचारलं, "तोपर्यंत ती आत काय करतात?" ती म्हणाली, "गप्प बसतात. अंधारात ठेवलं की गप्प बसतात."

बेर्तिंगशी बोलायचा प्रयत्न केला. खरंच केला. बेकरीच्या मागच्या ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "बेर्तिंग, तुला कधी भीती वाटते का?" तो म्हणाला, "वाटते ना. घंटा उघडली नाही तर?" आणि असा निर्मळ हसला की पुढचं वाक्य मी सोडूनच दिलं.

तुझ्यात मारामारी करायची ताकद होती. माझ्याशी इथे कोणी मारामारीच करत नाही. मी काय करू?

निला


१६ नोव्हेंबर

ताई,

काल फादर आन्हेलकडे लग्नाआधीची चौकशी झाली. ते नवऱ्याला आणि नवरीला वेगवेगळं आत घेतात. आई बाहेर बाकावर बसली, मांडीवर पर्स, पर्सवर जपमाळ.

फादरनी नाव विचारलं, बाप्तिस्म्याची तारीख विचारली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "लेओनिला, हे लग्न तू स्वखुशीने करते आहेस का? कोणाच्या दडपणाखाली नाहीस ना?"

ताई, कोणीतरी विचारलं! एका वर्षात पहिल्यांदा एका माणसाने मला समोर बसवून सरळ प्रश्न विचारला. खोलीत फक्त आम्ही दोघं होतो. दार बंद होतं. माझ्या जिभेवर शब्द आला होता, शपथ. आणि मला भिंतीपलीकडून आईचं खाकरणं ऐकू आलं. ते सकाळचं खाकरणं असतं ना, घसा साफ करण्याचं, तेवढंच. मला तिचे ते बाजारात न गेलेले दिवस आठवले, खिडकीचा पडदा ओढून बसलेली आई.

"हो, फादर," मी म्हटलं. "स्वखुशीने."

त्यांनी खूण केली, सही घेतली. बाहेर आले तर आईने विचारलं, "इतका वेळ काय चाललं होतं?" मी म्हटलं, "प्रश्न फार होते." ती माझ्याकडे बघत राहिली. मग पर्स उचलून चालायला लागली.

तीस तारखेपासून तीन रविवार आमच्या नावांचा पुकार होईल. मिस्सेची प्रार्थना संपताना फादर सांगतील, अमुक आणि अमुक लग्न करताहेत, कोणाला अडचण माहीत असेल तर त्याने सांगावी. या गावात आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. तेवढ्या वेळात बायका आपल्या चपला शोधतात.

तुझी शपथ मी मोडेन असं वाटतंय. आधीच सांगून ठेवते. मग ओळख ठेव, नको ठेवू.

निला


७ डिसेंबर

ताई,

मोडली.

आज दुसरा पुकार झाला. बायकांनी चपला शोधल्या. घरी आलो, जेवलो, आणि आम्ही दोघी हंस घेऊन बसलो. बाबा अंगणात कानस मारत होते. मी जाळीला गाठ मारता मारता बोलून टाकलं. "आई, मेडीताईचं लग्न झालंय. याच वर्षी. फेब्रुवारीत."

आईचे हात थांबले नाहीत. "गाठ घट्ट मार. सुटतेय ती."

"आई, ऐकलंस का? सुकोब होतो."

"मला माहीत आहे. ईस्टरच्या आधी शेजारच्या कोराझोनची मुलगी हाँगकाँगहून आली होती, ती सांगून गेली."

ताई, ईस्टरपासून! आपली आई, जी ताट फिरवल्याशिवाय कोणाला घराबाहेर पडू देत नाही!

"मग तू लग्न ठरवलंस कसं?"

"टेकडीपलीकडच्या म्हातारीकडे जाऊन आले. तिला म्हटलं, पोरींपैकी एकीवर जे यायचं ते माझ्याकडे वळव."

"आणि तिने वळवलं?"

"कोंबडी घेतली तिने. वळवलं असेलच."

मला हसू आलं आणि रडूही. तुला वाटत होतं सगळं तुझ्या नावावर लागेल. तिने तर केव्हाच स्वतःच्या नावावर करून टाकलं आहे, आणि तुझं नावही घरात काढत नाही. अशी आई असली की माणसाने करायचं काय?

मग माझी शेवटची वाटही संपली. आडोशाला काही उरलं नाही, म्हणून मी ते म्हटलं. तू म्हणाली होतीस तसं, माझ्या तोंडाने. "आई, मला हे लग्न नको आहे."

"तेही माहीत आहे."

"कधीपासून?"

"जत्रेपासून. तुझं हसू मला माहीत नाही का? तुझ्या आजोबांच्या मयताला तसंच हसली होतीस." तिने फीत दातांनी तोडली. "मलाही नको होतं. माझ्या बापाने तुझ्या बापाला 'दिली' म्हटलं तेव्हा मी गोठ्यात तोंड लपवून रडत होते. मेले का मी? तीस वर्षं झाली. चुली पेटवल्या, तुम्हाला वाढवलं. पहिली काही वर्षं जड जातात, मग सवय होते. बेर्तिंग तुझ्या बापापेक्षा जास्त बोलतो तरी."

अंगणातला कानशीचा आवाज थांबला होता. आम्हा दोघींच्या ते एकदमच लक्षात आलं. आपल्या गावचे गळे तुला माहीत आहेत. आपण कुजबुजतो तेही पलीकडच्या गल्लीत जातं. मग कानस पुन्हा सुरू झाली.

मी आता काय करू ते मला माहीत नाही. अजून एक पुकार आहे आणि मग लग्न आहे. तिला माहीत होतं, ताई. सगळं माहीत असून ती माझ्या शेजारी बसून फिती बांधत होती.

निला


१५ डिसेंबर

ताई,

हे पत्र घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

त्या रविवारनंतर बाबा घरात जेवले नाहीत. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. ताट घेऊन कामाच्या खोपटात जायचे आणि तिथेच झोपायचे. गुरुवारी मी चहा घेऊन गेले तर सुऱ्या तशाच पडलेल्या, आणि ते हात मांडीवर ठेवून बसलेले. आई माझ्यामागून आली. दारातच उभी राहिली.

बाबा म्हणाले, "खरं होतं ते?"

आई म्हणाली, "होतं."

"मला सांगायचं तरी." मग एक सुरी उचलून परत ठेवत म्हणाले, "मी तर समजत होतो..." आणि ते वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही.

आई परत घरात आली आणि पाट्यासमोर बसून राहिली. त्या दिवसापासून तिने हंसांना हात लावला नाही.

काल तिसरा पुकार. चर्च भरलेलं होतं. आलिंग पुरिंग पुढे, बेर्तिंग तिच्या शेजारी, मिसेस काबिलिंग खास लेमेरीहून, पीच रंगाच्या पोशाखात. बाबा आमच्या बाकावर होते, पण आईच्या आणि त्यांच्यामध्ये मी. फादरनी नावं वाचली. "कोणाला काही अडचण माहीत असेल तर..." बायका चपलांसाठी वाकल्या.

आई उभी राहिली.

"फादर, मला माहीत आहे."

तू तिचा आवाज ओळखतेस. वरच्या गॅलरीतली पोरंसुद्धा गप्प झाली. फादर चष्मा सावरत म्हणाले, "बोला, बाई."

"माझ्या थोरल्या मुलीचं, रेमेदिओसचं, याच वर्षी लग्न झालंय. हाँगकाँगला. मी लपवलं."

अख्ख्या चर्चने श्वास ओढला. सहा वर्षांत तिने तुझं नाव पहिल्यांदा घेतलं, आणि घेतलं ते गावाच्या मधोमध. फादर जरा हसले. "बाई, सुकोब ही लोकांची समजूत आहे. चर्चच्या नियमात ती अडचण नाही. बरं, कोणाशी झालं लग्न?"

आईने तोंड उघडलं आणि तिला काही बोलता येईना. जावयाचं नाव तिला माहीतच नव्हतं. कोराझोनच्या मुलीला तिने विचारलं नव्हतं. ती तशीच उभी, पर्स घट्ट धरून, आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुदखुदलं. त्या खुदखुदण्याने माझं डोकं फिरलं. मी उठून मोठ्याने म्हटलं, "सेल्सो. त्याचं नाव सेल्सो आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मग फादरकडे वळून म्हणाली, "सुकोब तुमच्यात चालत नसेल तर दुसरी अडचण सांगते. ही पोर हे लग्न मनापासून करत नाहीये. तुम्ही तिला विचारलंत तेव्हा मी बाहेर बसले होते. 'हो' म्हणायला तिला किती वेळ लागला ते मी ऐकलंय. आता माझ्यासमोर विचारा. मी काही करणार नाही."

फादरनी विचारलं. तेच शब्द, तोच चष्मा. आणि या वेळी मला हसू आलं नाही, ताई.

"नको, फादर," मी म्हटलं. "मला हे लग्न नको."

आलिंग पुरिंगने तोंडावर रुमाल दाबला. ती आईला म्हणाली, "आत्ता? आत्ता सुचलं तुला? पाहुण्यांना मी काय सांगू?" आई म्हणाली, "माझं नाव सांग. बायकोला आपण नको होतो, हे तुझ्या पोराला साठीत कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मी बघितलंय ते कसं दिसतं." बाबांनी मान खाली घातली. पण उठून गेले नाहीत.

बेर्तिंग मला बाहेर पायऱ्यांवर भेटला. पांढराफटक पडला होता. "स्टेजसमोर हसलीस ती..."

"घाबरून."

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला. अगदी बाबांचेच शब्द. मी त्याची माफी मागितली. त्याने ती दिली नाही, आणि बरोबर केलं. आज सकाळी फाटकात पाव नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं, हे तुला म्हणून सांगते.

आई आज बाजारात गेली. पडदा ओढून बसली नाही. भाजीवालीने काही म्हटलं असणार, कारण परत आली ती लालबुंद होऊन आणि भेंडी न घेता. बाबा अजून फारसे बोलत नाहीत. पण आत येऊन जेवले. आईने भात वाढताना विचारलं, "पुरे?" तर ते चमकून वर बघायला लागले. एरवी ती न विचारता वाढते.

ती आत्ता माझ्यासमोर बसली आहे आणि मी काय लिहिते ते उलटं वाचायचा प्रयत्न करते आहे. म्हणते, लिही तिला, थोबाडीत मारली ती माझ्या लक्षात आहे. माफीबिफी लिहू नकोस, ते मी समोर बघून घेईन. पुढच्या वर्षी त्या सेल्सोला घेऊन या म्हणावं, इलोकोससारख्या परक्या मुलखातला असला तरी चालेल.

आणि म्हणते, एक गोष्ट विचार. मला खालच्या आवाजात सांगितली तिने, आणि तिच्याकडून खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते:

'मेडी, तुला सेल्सो हवा होता ना? तुझ्या मनाने? नीट लिही. आर्सेन्योच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं.'

उत्तर तिच्या नावाने पाठव, ताई, घरच्या पत्त्यावर.

निला